धर्मानंद कोसंबी यांची विद्यायात्रा

१८९९ सालच्या अखेरीस गोव्यातील साखवाळ गावचा तेवीस वर्षांचा एक गृहस्थ घर सोडून पुण्याकडे निघाला. त्याच्याजवळ ना पदवी होती, ना नोकरी, ना पुरेसे पैसे. घरी पत्नी होती आणि एक तान्ही मुलगी. त्याला संस्कृत शिकायचे होते आणि पुढे बुद्धाच्या धर्माचे मूळ ग्रंथ वाचायचे होते. हे गृहस्थ म्हणजे पुढे पाली भाषेचे थोर पंडित म्हणून देशोदेशी मान्यता पावलेले धर्मानंद दामोदर कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. प्रकृती नाजूक असल्याने आणि गावाकडे सोय नसल्याने त्यांचे शालेय शिक्षण मराठीच्या काही इयत्तांपुढे गेले नाही. लहान वयात लग्न झाले आणि नारळीच्या बागायतीची कामे अंगावर आली. वाचनाची ओढ मात्र सुटली नाही. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या काही पानांनी त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. १८९८ मध्ये वडील वारले. त्यानंतर वर्षभराने त्यांनी घर सोडले.

हे घर सोडणे सोपे नव्हते, आणि त्याची किंमत त्यांना एकट्याला मोजावी लागली नाही. त्यांच्या पत्नी बाळाबाई यांनी पुढची सहा-सात वर्षे मुलीसह पतीविना काढली. कोसंबींच्या विद्वत्तेचा गौरव करताना या माउलीचा वाटा सहसा कोणी मोजत नाही. तो मोजला पाहिजे.

पुण्यात त्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेतली. भांडारकरांसारख्या ज्येष्ठ पंडिताने या अनोळखी तरुणाला परत पाठवले नाही, मार्गदर्शन केले. पण पुण्यात राहून शिकायचे तर खर्च होता. तेव्हा धर्मानंदांनी काशीचा रस्ता धरला. काशीत जुन्या परंपरेचे शास्त्री विद्यार्थ्यांकडून शुल्क घेत नसत आणि ब्राह्मण विद्यार्थ्यांना धनिकांनी चालवलेल्या अन्नछत्रांत फुकट जेवण मिळे. अशा रीतीने शिकवणी आणि पोट या दोन्ही गोष्टींची सोय झाली. ही सोय जन्माने ब्राह्मण असलेल्यांनाच होती, हेही ध्यानात ठेवावे. त्याच काळात विद्येची तहान असलेल्या इतर जातींच्या कित्येकांना त्या पंगतीत जागा नव्हती. छत्रातले अन्न खाऊन धर्मानंद व्याकरण आणि काव्य शिकले. शहरात प्लेगची साथ होती, तरीही त्यांचा अभ्यास चालू राहिला.

संस्कृत येऊ लागले, पण बौद्ध ग्रंथ हाती येईनात. ते शोधण्यासाठी १९०२ मध्ये त्यांनी नेपाळ गाठले. तेथे त्यांची निराशा झाली. ज्या विद्येच्या शोधात ते गेले होते ती तेथे उरली नव्हती. मग बुद्धगया आणि कोलकाता करीत ते त्याच वर्षी सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्य या वृद्ध महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी पालीचे अध्ययन सुरू केले आणि श्रामणेराची दीक्षा घेतली. भिक्षुसंघात राहणाऱ्याला निवारा आणि भिक्षा मिळते. काशीत जे अन्नछत्राने केले, तेच येथे विहाराने केले. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले. त्यांची दीक्षा केवळ पोटासाठी होती असे कोणी समजू नये. त्यांची श्रद्धा खरी होती. पण त्या श्रद्धेबरोबर अभ्यासाची सोयही लाभली, हे सत्य आहे.

१९०६ मध्ये ते कोलकात्यास आले. तोवर त्यांनी भिक्षूची वस्त्रे उतरवली होती. बंगालमध्ये तेव्हा स्वदेशीची चळवळ जोरात होती आणि नव्यानेच राष्ट्रीय महाविद्यालय निघाले होते. तेथे आणि नंतर कोलकाता विद्यापीठात त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. ज्याने शाळाही पुरी केली नव्हती तो आता विद्यापीठात शिकवू लागला. संसाराची घडी बसली, पगार सुरू झाला. कोणीही येथेच थांबला असता.

कोसंबी थांबले नाहीत. आपण मिळवलेली विद्या आपल्या माणसांना मराठीतून द्यावी, ही इच्छा त्यांना स्वस्थ बसू देईना. याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. कोसंबींनी महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक संस्थानासाठी लिहून द्यावे. त्याबद्दल दरमहा ५० रुपये मिळतील. कोलकात्यास राहिले असते तर त्यांना याहून कितीतरी अधिक वेतन मिळाले असते. पत्नी व दोन मुलांचा भार असलेल्या माणसाने हा व्यवहार करावा का, असा प्रश्न आजही कोणी विचारील. कोसंबींनी ५० रुपये पत्करले. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० मध्ये पुस्तकरूपाने निघाली.

त्याच वर्षी अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाकडून त्यांना बोलावणे आले. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करण्याचे काम तेथे अर्धवट राहिले होते. ग्रंथावर श्रेयनाम कोणाचे असावे यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. तेव्हा मिळणाऱ्या मानधनाचा मोह न धरता ते १९१२ मध्ये परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. सहा वर्षे त्यांनी तेथे विद्यार्थी घडवले. तो ग्रंथ पुढे १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. तो पाहायला कोसंबी नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले होते.

१९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला निघाले, तेव्हा मुलगा दामोदर आणि मुलगी माणिक यांना त्यांनी शिक्षणासाठी बरोबर नेले. दामोदर पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून विख्यात झाला. आणि माणिक म्हणजे तीच मुलगी, जिला घरी तान्ही ठेवून एकोणीस वर्षांपूर्वी बाप पुण्याकडे निघाला होता.