दादासाहेबांची काळोखी खोली

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर या क्षेत्री ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. शास्त्र्यांच्या घरातील हा मुलगा मात्र चित्रकलेकडे वळला. १८८५ साली ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले व पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. छायाचित्रणाची त्यांची ओढ पाहून तेथील प्रमुख प्रा. गज्जर यांनी त्यांना रतलामला पाठविले. ठसे तयार करणे, छपाई आणि काळोख्या खोलीतील काम ते तेथे शिकले.

ही काळोखी खोली म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. आज कळ दाबताच चित्र पडद्यावर उमटते. बिघडले तर पुसून दुसरे घेता येते. त्या काळी कॅमेऱ्यातील काच किंवा फिल्म उजेडात उघडली की सारे फुकट जाई. अंधारात, मंद तांबड्या दिव्याच्या आधाराने, ती रसायनात बुडवावी लागे. मग काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे असे उलटे चित्र हळूहळू वर येई. रसायनात ते कमी वेळ राहिले तर फिके पडे, अधिक राहिले तर काळवंडे. नंतर हायपोच्या पाण्यात ते पक्के करायचे, धुवायचे, वाळवायचे. आणि त्यावरून कागदावर सुलटी प्रत काढायची ती पुन्हा अंधारातच.

ही विद्या घेऊन फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रांचा धंदा मांडला. परंतु १९०० साली प्लेगने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले. ते बडोद्यास परतले. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, अशी तेव्हा लोकांची समजूत होती. त्यामुळे तेथेही जम बसला नाही. पुढे त्यांचा दुसरा विवाह झाला. पुराणवस्तू खात्यातील नोकरी, स्वतःचा छापखाना असे उद्योग त्यांनी केले व सोडले.

मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून आपल्या देवादिकांची चित्रे अशीच हलती करण्याचा ध्यास त्यांनी घेतला. या खटाटोपात डोळ्यांवर इतका ताण पडला की दृष्टी जाण्याची वेळ आली. औषधोपचाराने ती कशीबशी वाचली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेस निघाले आणि कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र मिळवून एप्रिलमध्ये परतले.

आता भांडवल हवे होते, आणि नुसत्या शब्दांवर कोण पैसे देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला. दिवसांमागून दिवस त्या रोपाची चित्रे घेतली. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली आणि कर्ज मिळाले.

मग दादरच्या घरातच कारखाना उभा राहिला. कोरी फिल्म छिद्रांविना येई. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार चार छिद्रे लागत, आणि तीही अंधारातच पाडावी लागत. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. रसायने कालवणे, फिल्म धुणे त्यांनी शिकून घेतले. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक आणि रात्री काळोखी खोली, असा त्यांचा क्रम असे. चित्रपटाच्या श्रेयात त्यांचे नाव दादासाहेबांच्या जोडीने घ्यावयास हवे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट भरली. फुटात सोळा चित्रे. म्हणजे जवळजवळ साठ हजार चित्रे! रसायनातील एक चूक, आणि कित्येक दिवसांचे कष्ट व कर्जाचा पैसा पाण्यात गेला असता.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात तो चित्रपट लोकांसमोर आला. त्यानंतर दादासाहेबांनी नाशिकास कार्यशाळा हलविली व अनेक चित्रपट काढले. १९१७ चा ‘लंकादहन’ विशेष गाजला. तथापि पैसा त्यांच्यापाशी टिकला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या बहुतेक फिल्मा काळाच्या ओघात नष्ट झाल्या. मात्र चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणाऱ्या त्यांच्या एका लघुपटाचा काही भाग उरला आहे. त्यात फिल्मची पट्टी डोळ्यांसमोर धरून एकेक चित्र निरखणारे दादासाहेब आजही पाहावयास मिळतात.