आंद्रेई मार्कोव : साखळीचे गणित



वार्षिक परीक्षेचे प्रगतिपुस्तक हाती पडले की आपण मुलाला ‘हुशार’ किंवा ‘ढ’ ठरवून मोकळे होतो. या घाईला आवर घालणाऱ्या गणिताचा पाया ज्यांनी रचला, त्यांचे चरित्र प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे.

आंद्रेई मार्कोव यांचा जन्म १४ जून १८५६ रोजी रशियातील र्‍याझान येथे झाला. लहानपणी पाय अधू असल्याने ते कुबड्या घेऊन चालत. शाळेत गणित सोडल्यास त्यांची प्रगती बेताचीच होती. परंतु सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात त्यांना चेबिशेव यांच्यासारखे गुरू लाभले. १८७८ मध्ये ते पदवीधर झाले व पुढे तेथेच प्राध्यापक झाले.

नाणे फेकताना मागच्या छाप्याचा पुढच्यावर परिणाम होत नाही. जीवनात मात्र आजची स्थिती उद्यावर परिणाम करते. अशा एकमेकींवर अवलंबून असलेल्या घटनांचे गणित मार्कोव यांनी १९०६ पासून मांडले. तीच ‘मार्कोव साखळी’. १९१३ मध्ये त्यांनी पुश्किनच्या काव्यातील २०,००० अक्षरे मोजली. व्यंजनामागून स्वर शंभरात सुमारे ६६ वेळा येई, स्वरामागून स्वर केवळ १३ वेळा!

१९१७ मध्ये झाराय्स्क या लहान गावी जाऊन या थोर गणितज्ञाने तेथील माध्यमिक शाळेत विनावेतन गणित शिकविले. २० जुलै १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढच्या संशोधकांनी या साखळीतून ‘सुप्त मार्कोव’ पद्धत तयार केली. सुप्त म्हणजे दडलेले. गुण दिसतात, पण मुलाची खरी समज दडलेली असते. ताप आला म्हणून येणारे उत्तर चुकते. कधी अंदाजाने न येणारे उत्तरही बरोबर ठरते. त्याच मुलांची अनेक वर्षांची उत्तरे एकत्र घेऊन ही पद्धत दोन गोष्टींचा अंदाज बांधते : समज असूनही उत्तर चुकण्याची शक्यता किती, आणि यंदा न समजलेल्या मुलाला पुढील वर्षी समजण्याची शक्यता किती. त्यामुळे योगायोग आणि खरी प्रगती वेगळी काढता येते. एका वर्षाच्या गुणांवरून हे साधत नाही.

म्हणून पालकहो, एका नापासीवरून मुलाचे, विशेषतः मुलीचे, नाव शाळेतून काढू नका. प्रगतिपुस्तक ही एक कडी आहे; साखळी अजून पुरी व्हायची आहे.