जेम्स क्लर्क मॅक्सवेल

जेम्स क्लर्क मॅक्सवेल (१३ जून, १८३१:एडिनबर्ग, स्कॉटलंड - ५ नोव्हेंबर, १८७९:केंब्रिज, इंग्लंड) हे स्कॉटिश गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. विद्युतचुंबकत्वाच्या सिद्धान्तासाठी ते सर्वपरिचित आहेत. मोटारीच्या रेडिएटरमध्ये नॅनोद्रव वापरण्याच्या आजच्या संशोधनाचा आधारही त्यांचेच एक समीकरण आहे. ही बाब मात्र फारशी ज्ञात नाही.

जीवन

मॅक्सवेल यांचे बालपण ग्लेनलेअर येथे गेले. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई पोटाच्या कर्करोगाने मरण पावली. अंडाकृती वक्रांवरील त्यांचा पहिला निबंध ते १४ वर्षांचे असताना एडिनबर्गच्या रॉयल सोसायटीत सादर झाला. वय लहान म्हणून तो प्राध्यापक फोर्ब्स यांनी वाचला. एडिनबर्ग व केंब्रिज येथील शिक्षणानंतर १८५६ मध्ये ते अ‍ॅबर्डीनच्या मारिशल कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथील प्राचार्यांची कन्या कॅथरीन हिच्याशी त्यांचा विवाह झाला. तरीही १८६० मध्ये दोन महाविद्यालये एकत्र होताच त्यांची नोकरी गेली. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात असताना वायूंच्या श्यानतेचे प्रयोग त्यांनी राहत्या घरीच केले. खोलीचे तापमान राखण्याचे काम कॅथरीन करीत. १८७१ मध्ये ते केंब्रिजचे पहिले कॅव्हेंडिश प्राध्यापक झाले. आईला झालेल्या रोगानेच वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मिश्रणाची वाहकता

१८७३ च्या विद्युत व चुंबकत्वावरील ग्रंथात, एका माध्यमात दुसऱ्या पदार्थाचे गोल विखुरले असता मिश्रणाची वाहकता किती होईल, याचे समीकरण त्यांनी मांडले. ते विजेसाठी होते, परंतु उष्णतेलाही तसेच लागू पडते. तांब्याची उष्णतावाहकता पाण्याच्या सहाशे पटींहून अधिक आहे. तरीही आकारमानाने १ टक्का तांब्याचे गोल कण मिसळल्यास पाण्याची वाहकता सुमारे ३ टक्केच वाढते, असे या समीकरणातून निघते.

१९९५ मध्ये अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेचे स्टीफन चोई यांनी नॅनोद्रवाची कल्पना मांडली. त्यानंतर याहून कितीतरी मोठी वाढ आढळल्याचे दावे झाले आणि मॅक्सवेल यांचा सिद्धान्त अपुरा ठरल्याचे म्हटले जाऊ लागले. २००९ मध्ये तीसहून अधिक संस्थांनी एकसारखे नमुने मोजले. तेव्हा मोजमापे याच सिद्धान्ताच्या विस्तारित रूपाशी जुळली.

रेडिएटरच्या दृष्टीने हा वाद केवळ तात्त्विक नाही. गोंदिया, चंद्रपूर भागात मे महिन्यात हवा ४५ अंशांच्या आसपास जाते. शीतक व हवा यांच्या तापमानातील फरक घटतो व उष्णता बाहेर पडणे कठीण होते. कण वाढवावेत, तर द्रवाची श्यानता वाढते व पंपाला अधिक शक्ती लागते.