ती परत गेली!

मैत्रिणींनो, १० मार्च आला की मला दोन बायका आठवतात. एक आपल्या सावित्रीबाई. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १८९७ साली त्या याच दिवशी गेल्या. दुसरी अमेरिकेतली हॅरिएट टबमन. ती गेली १९१३ साली, तारीख तीच!

हॅरिएट मेरीलँड राज्यातल्या गुलाम आईबापांची लेक. जन्म १८२२ च्या सुमाराचा. नक्की तारीख कोण लिहून ठेवणार? लहानपणीच तिला दुसऱ्याचं बाळ सांभाळायला धाडलं. बाळ रडलं की हिच्या पाठीवर चाबूक. तिच्या तीन बहिणी विकल्या गेल्या. धाकट्या भावाला न्यायला माणसं आली तेव्हा मात्र आईने दार अडवलं. आत याल तर डोकं फोडीन, असं बजावलं. पोरगा वाचला. हॅरिएटने हे मनात पक्कं धरलं असणार, असं मला वाटतं.

पुढे दुसऱ्या गुलामावर फेकलेलं लोखंडी वजन तिच्या डोक्यात बसलं. तेव्हापासून बोलता बोलता तिला झापड यायची, ती जन्मभर.

१८४९ मध्ये मालक वारला. आता आपणही विकले जाणार, हे ओळखून ती पळाली. ध्रुवताऱ्याच्या दिशेने रात्रीची चालत फिलाडेल्फियाला पोचली. तिथे गुलामगिरी नव्हती. ती चार घरची कामं करायला लागली. सुटली की नाही बाई? पण ती परत गेली!

१८५१ मध्ये नवऱ्याला आणायला गेली, त्याच्यासाठी नवा सूट घेऊन. त्याने तोवर दुसरी केली होती. तिला काय वाटलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. पण ती रिकाम्या हाती आली नाही. निघायला तयार होते त्यांना घेऊन आली.

दहा-अकरा वर्षांत अशा सुमारे १३ फेऱ्या, ७० च्या आसपास माणसं. हिवाळ्याच्या लांब रात्री निवडायच्या. शनिवारी निघायचं, म्हणजे पळाल्याची जाहिरात सोमवारपर्यंत छापून येत नसे. तान्ही बाळं रडू नयेत म्हणून त्यांना अफूचं औषध पाजायचं. म्हातारे आईबापही तिने १८५७ मध्ये आणले. वाटेत एकही माणूस गमावला नाही.

यादवी युद्धात ती नर्स झाली, हेर झाली. जून १८६३ मध्ये कॉम्बाही नदीवरच्या मोहिमेत तिच्या मदतीने ७०० हून अधिक लोक सुटले. पण या सेवेची दखल घेऊन महिना २० डॉलर पेन्शन मिळायला १८९९ उजाडलं. तोवर भाजीपाला पिकवून, डुकरं-कोंबड्या पाळून ती दारी येईल त्याला जेवू घालत होती. बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी सभांत बोलत होती. लिहिता-वाचता तिला कधीच आलं नाही.

१९ जून १८६५ रोजी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला गुलामांच्या सुटकेचा हुकूम पोचला. तो दिवस तिथले कृष्णवर्णीय मिरवणुका, गाणी, लाल सरबत आणि एकत्र जेवणांनी साजरा करतात. २०२१ पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते. आपल्या जोतिरावांनी तर १८७३ मध्येच ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केलं होतं.

आपल्यातली एखादी शिकते, नोकरीला लागते, स्वतःच्या पायावर उभी राहते. तिचं कौतुक आहेच. पण मागे राहिलेल्या बहिणीसाठी, भावजयीसाठी ती परत जाते का? येत्या १० मार्चला दोघींच्या फोटोला हार घालताना मी आधी स्वतःलाच हे विचारणार आहे.