विश्लेषण : वेल्लोरच्या मैत्रीतून जामखेडची वाट कशी निघाली?

ग्रामीण आरोग्याचे काम शिकायला देशोदेशीचे लोक जामखेडला येतात. त्या कामाच्या मुळाशी दोन ख्रिस्ती डॉक्टरांची मैत्री आहे. त्यांपैकी एक डॉ. मेबल आरोळे.

मेबल कोण होत्या?

जन्म 1935, जबलपूर. वडील ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्थेत नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे प्राध्यापक. प्रार्थना आणि बायबल घरातलेच. पण घरातून मिळालेली श्रद्धा स्वतःची व्हायला वेळ लागतो. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात त्यांची गाठ नगर जिल्ह्यातल्या रजनीकांत आरोळे यांच्याशी पडली. दोघेही वर्गात पहिल्या रांगेतले हुशार. शहरात नाव काढणे कठीण नव्हते. 1960 मध्ये लग्न करताना मात्र त्यांनी खेड्यातल्या गरिबांसाठीच काम करण्याची शपथ घेतली.

वडाळ्यात काय खटकले?

1962 पासून दोघे नेवासा तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या रुग्णालयात होते. दवाखाना भरलेला, लोक दुवा देणारे. सेवा करतोय म्हणून समाधान मानायला एवढे पुरेसे होते. पण जुलाब, कुपोषण घेऊन तीच मुले पुन्हा येत. सुमारे 70 टक्के आजार टाळता येण्याजोगे आहेत आणि आपल्या कामाने गावांच्या आरोग्यात फरक पडलेला नाही, हे दोघांनी मान्य केले. अशा वेळी एकमेकांची समजूत घालणे सोपे असते. ते त्यांनी टाळले, आणि शपथ मोडली नाही तरी तिचा अर्थ बदलला.

1966 मध्ये ते अमेरिकेला गेले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर भेटले. मिशनरी डॉक्टर आई-वडिलांच्या पोटी भारतातच जन्मलेले टेलर सार्वजनिक आरोग्याचे जाणकार. ते गुरू होते, पुढे स्नेही झाले.

मग जामखेडच का?

तालुका दुष्काळी, डॉक्टर दुर्मीळ. 1970 मध्ये गुरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू झाले. लोकांना आधी हवे होते पाणी आणि धान्य. औषधाचा नंबर नंतरचा. नर्सबाईंना गावात टिकणे जमेना, तेव्हा गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, अनेक दलित. मेबल त्यांना शिकवत. विंधन विहिरींचे हातपंप बरेचसे दलित वस्तीत बसवले. पाण्यासाठी सगळ्यांना तिकडे जावे लागे. उपचाराला धर्माची अट नव्हती. मिशनच्या आवारात रुग्णाची वाट पाहणारी श्रद्धा इथे गावकऱ्यांशेजारी जमिनीवर बसली, असे म्हणता येईल.

1971 मध्ये प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे 176 बालके वर्षाच्या आत दगावत. दोन दशकांत हा आकडा कितीतरी खाली आला. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या लोकाधारित आरोग्य प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडवर प्रकरण होते. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे, 1990 मध्ये पद्मभूषण. मेबल पुढे युनिसेफसाठीही काम करत होत्या.

27 सप्टेंबर 1999 रोजी त्यांचे निधन झाले. रजनीकांत 2011 मध्ये जाईपर्यंत जामखेडलाच काम करत राहिले.