तारा एडिसनच्या, कानही एडिसनचे

चांगली म्युझिक सिस्टिम घेणारा माणूस स्पीकरवर पैसे घालतो, अ‍ॅम्प्लिफायरवर घालतो आणि शेवटी प्लग खुपसतो तो भिंतीतल्या सैल, काळपट पडलेल्या सॉकेटमध्ये. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी हा उफराटा व्यवहार सुलटा करायला घेतला. आमच्या घरातले मूळ वायरिंग अ‍ॅल्युमिनियमच्या तारांचे; अर्थिंग नावापुरते. फ्रिज सुरू झाला की स्पीकर टकटकायचा आणि तानपुऱ्याच्या खाली एक बारीक घरघर अखंड चालायची. वायरमनकडून मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र लाइन ओढून घेतली, तिला वेगळा एमसीबी बसवला, प्लग घट्ट धरणारी सॉकेट लावली, अर्थिंग तपासून दुरुस्त केले. टकटक थांबली. घरघर मात्र थोडी उरलीच. ती केबल टीव्हीच्या तारेतून, अर्थला मिळालेल्या दुसऱ्या वाटेने येत होती. ती वाट तोडली तेव्हा कुठे तानपुरा एकटा ऐकू आला.

या कामाच्या दिवसांत मी थॉमस अल्वा एडिसनचे चरित्र पुन्हा वाचून काढले. घरातल्या विजेची तार आणि घरातले यांत्रिक गाणे, या दोन्हींचा माग काढत गेले की आपण याच एका माणसाच्या दाराशी पोचतो. आणि कादंबरीकाराला सहजी सुचू नये अशी गोष्ट म्हणजे, आपली ही दोन अपत्ये त्याने जवळजवळ आयुष्यभर एकमेकांपासून दूर ठेवली.

एडिसनचा जन्म १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. शाळा फार झाली नाही. पोरवयात तो आगगाडीत वर्तमानपत्रे आणि गोळ्या-बिस्किटे विकायचा. कान तेव्हापासूनच अधू. पुढे तो तारखात्यात रमला, कारण तारयंत्राची कडकड त्याला ऐकू येई आणि भोवतालचा गलका येत नसे. हे व्यंग त्याने कधी व्यंग मानलेच नाही. एकाग्रतेसाठी मिळालेली ती सवलत आहे, अशी त्याची समजूत होती.

१८७७ च्या अखेरीस त्याने नळकांड्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळला, त्यासमोर एक बालगीत म्हटले आणि यंत्राने ते परत म्हणून दाखवले. अर्ध्या बहिऱ्या माणसाने जगाला आवाज साठवायला शिकवले. पण हे नवल त्याने दहा वर्षे फडताळात टाकले, कारण १८७८ पासून त्याला दिव्याने पछाडले होते.

एडिसनने दिवा शोधला एवढेच आपण शाळेत शिकतो. माझ्या मते दिवा हा त्याच्या कामाचा लहान भाग. ऑक्टोबर १८७९ मध्ये कोळसा केलेल्या धाग्याचा दिवा तासन् तास जळला, तेव्हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न तारेचा होता. तार बारीक घेतली तर दूरच्या घरापर्यंत दाब उतरतो आणि दिवा मिणमिणतो. जाड घेतली तर तांब्याच्या खर्चात कंपनी बुडते. त्याने दिव्याचा रोध मुद्दाम जास्त ठेवला, म्हणजे प्रवाह कमी लागतो आणि तांबे वाचते. १८८३ मध्ये तीन तारांची पद्धत वापरात आणून त्याने तांब्याचा खर्च निम्म्याहून खाली आणला. तार जास्त तापली तर आधी वितळून घर वाचवणारा शिशाचा तुकडाही, म्हणजे आपला फ्यूज, त्याने या व्यवस्थेत बसवला. जनित्रापासून दिव्याच्या होल्डरपर्यंत एकही दुवा त्याने दुसऱ्याच्या भरवशावर सोडला नाही.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र सुरू झाले. त्या दिवशी एडिसन स्वतः वॉल स्ट्रीटवरच्या ड्रेक्सेल-मॉर्गन या पेढीच्या कचेरीत उभा होता आणि तिथले दिवे लागले. जन्मभर बँकेत काढलेल्या मला याची गंमत वाटते. पेढीचे मालक जे. पी. मॉर्गन यांनी राहत्या घरातही याच सुमारास वीज घेतली होती. तिच्यासाठी घराजवळ वाफेचे इंजिन बसवावे लागले. त्याच्या धडधडीने शेजारीण हैराण झाली. एकदा तर अभ्यासिकेतल्या टेबलापर्यंत नेलेल्या तारांनी पेट घेतला आणि टेबल जळाले. मॉर्गननी वायरिंग काढून टाकले नाही, नव्याने करून घेतले. घरची वायरिंग सुधारण्याची परंपरा अशी जुनी आहे.

विजेचे बिल कसे करायचे, याचेही उत्तर त्याच्यापाशी होते. मीटरमध्ये जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवलेल्या असत. महिन्याने त्या काढून तराजूत घालायच्या. वजनात जेवढा फरक, तेवढी वीज खर्च झाली. तोंडी हिशेब नाही, अंदाज नाही.

त्याची वीज एका दिशेने वाहणारी, डीसी होती. वेस्टिंगहाउसची एसी लांबवर स्वस्तात पोचत होती. एडिसनने हट्टाने तिच्याविरुद्ध मोहीम उघडली, तिच्या धोक्याची भीती घातली आणि तो हरला. १८९२ मध्ये विलीनीकरणातून जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी उभी राहिली, तेव्हा त्याचे नावही पाटीवरून गेले. आपल्या घरांत येते ती एसीच, सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि स्पीकरमधली घरघर बहुधा तिचीच. पण त्याच्या बाजूनेही एक नोंद करायला हवी. भिंतीतून आलेली एसी अ‍ॅम्प्लिफायर आपल्या पोटात आधी डीसी करून घेतो, तेव्हाच गाणे सुरू होते.

याहून मोठी विसंगती पुढेच आहे. १८८० च्या दशकात एडिसनला दिसले की दिव्याच्या आत वेगळी पट्टी बसवली तर तप्त तंतूपासून पोकळीतून तिच्याकडे प्रवाह वाहतो. त्याने पेटंट घेतले आणि विषय सोडून दिला. १९०४ मध्ये फ्लेमिंगने त्यातूनच व्हॉल्व्ह घडवला. १९०६ मध्ये डी फॉरेस्टने त्यात तिसरा भाग घातला आणि पुढे त्या व्हॉल्व्हने क्षीण आवाज मोठा करता येऊ लागला. हायफायचे बीज एडिसनच्या दिव्यातच होते.

तो मात्र चावीच्या फोनोग्राफवर ठाम राहिला. १९१२ मध्ये त्याने हिऱ्याच्या सुईची जाडजूड तबकडी काढली. आवाजाच्या निर्मळपणात ती त्या काळी अव्वल होती. १९१५ पासून तिच्या जाहीर परीक्षा झाल्या. रंगमंचावर गायिका आणि यंत्र शेजारी शेजारी. अंधार झाल्यावर कोण गाते आहे ते श्रोत्यांनी ओळखायचे. लोक फसत. अ‍ॅना केस या गायिकेने पुष्कळ वर्षांनी सांगितले की, ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळवून घेई.

कोणाचे गाणे घ्यायचे, हे एडिसन स्वतः ठरवी. फोनोग्राफच्या लाकडात दात रोवून तो हाडांतून ऐके. सुरातला कंप त्याला खपत नसे. नामवंत गायक त्यावरून नापास होत. १९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्या मायक्रोफोन आणि व्हॉल्व्हच्या मदतीने ध्वनिमुद्रण करू लागल्या. एडिसनची कंपनी १९२७ मध्ये तिकडे वळली. फार उशीर झाला होता. ऑक्टोबर १९२९ मध्ये तबकड्यांचा धंदा बंद झाला आणि १८ ऑक्टोबर १९३१ रोजी एडिसन गेला.

तारेच्या बाबतीत हा माणूस तराजूशिवाय बोलत नव्हता. सुराच्या बाबतीत त्याने आपल्या दातांशिवाय कोणाचे ऐकले नाही. पहिल्या ठिकाणी तो अमर झाला, दुसऱ्या ठिकाणी त्याचे दुकान बंद पडले. सोन्याचा मुलामा दिलेल्या सॉकेटने गंधार उजळतो असे छातीठोक सांगणारे संगीतप्रेमी मला भेटतात, तेव्हा मला दातांनी ऐकणारा तो म्हातारा आठवतो. घट्ट जोड, पुरेशी जाड तार आणि खरे अर्थिंग यांचा हिशेब मीटरवर दाखवता येतो. त्यापलीकडचे दावे करणाऱ्यांनी निदान दुसऱ्याचे कान उसने घ्यावेत.

एडिसनच्या दफनाच्या रात्री अमेरिकेत एक मिनिट दिवे मालवण्याचे आवाहन अध्यक्ष हूव्हर यांनी केले होते. सारा वीजपुरवठाच मिनिटभर तोडावा, ही कल्पना मात्र सोडून द्यावी लागली. एव्हाना देश त्या तारांवर इतका विसंबला होता की, ज्याने त्या टाकल्या त्याच्यासाठीही त्या क्षणभर निर्जीव करणे परवडणारे नव्हते.