सुटकेनंतरचे दासोपंत

श्रीदत्तजयंतीस आम्हांस दासोपंतांचे स्मरण होते. दिगंबरपंत देशपांड्यांचे हे पुत्र; जन्म शके १४७३ (इ. स. १५५१). सारा थकला म्हणून बेदरच्या दरबारी हा मुलगा ओलीस राहिला. मुदतीत भरणा न झाल्यास धर्मांतर ठरलेले. दत्ताजी पाडेवार हे नाव धारण करून श्रीदत्तांनीच ती रक्कम भरली, असे परंपरा सांगते.

संकट टळताच देवास विसरणारे आम्ही! दासोपंतांस मात्र घरी चैन पडेना. सोडविणाऱ्याच्या शोधार्थ ते मातापुरी गेले; बारा वर्षे तपाचरणात लोटली. पुढे अंबाजोगाईस गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या रचूनही लेखणी विसावली नाही. कागद पुरेना म्हणून की काय, पंचीकरण त्यांनी चक्क पासोडीवर लिहिले. शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीस तेथेच ते समाधिस्थ झाले.